नऊ हाली रुपये आणि एक न केलेली नोंद

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर दरवर्षी नऊ रुपये मांडले जात. चांदीचे, बंदे रुपये. आजी ते पितळी डब्यातून काढी, चिंचेच्या कोळाने घासून लखलखीत करी, हळदकुंकू वाही, आणि पाडवा झाला की पुन्हा फडक्यात बांधून डबा कोनाड्यात ठेवून देई. घरात त्यांना ‘हाली’ म्हणत. हाली म्हणजे काय, ते आले कोठून, नऊच का, असे प्रश्न कोणी विचारत नसे. देव्हाऱ्यातल्या टाकांना जसे कोणी वय विचारत नाही, तसेच ते होते.

येत्या दिवाळीला पाटावर चारच रुपये असतील. उरलेल्या पाचांचे काय झाले, आणि त्यावरून नाणी जमवणाऱ्या माझ्यासारख्याला काय धडा मिळाला, हे सांगण्यासाठी हा लेख. आपल्या महाविद्यालयात नाणी, तिकिटे, जुन्या नोटा जमवणारे विद्यार्थी बरेच आहेत. त्यांना यातले काही पटेल, काही पटणार नाही. न पटणाऱ्यांनी अवश्य उत्तर लिहावे.

माझे शिक्षण दहावीपर्यंत उदगीरला, मराठी माध्यमातून झाले. आजीचे माहेर भालकीकडचे. त्यामुळे वडिलांशी मराठी आणि आजीशी कन्नड, अशी आमच्या घराची रीत. नाणी जमवण्याचा नाद मला उदगीरलाच लागला. सिकंदराबादेस आल्यावर तो वाढला. मात्र या नादात एक खूळ होते. मला ‘आपल्या इतिहासाचे’ नाणे हवे होते. आपल्या म्हणजे कोणाच्या, याचा विचार मी केला नव्हता. छत्रपती शिवाजी महाराजांचा चांदीचा रुपया मिळावा, एवढेच डोक्यात होते.

आणि तो मिळालाही! एका रविवारच्या बाजारात, पदपथावर पथारी मांडून बसलेल्या विक्रेत्याकडे. एका बाजूला घोड्यावर बसलेले महाराज, दुसऱ्या बाजूला तलवार आणि ढाल, खाली इंग्रजी आकड्यांत सन १६७४. विक्रेत्याने दोन हजार सांगितले. घासाघीस करून मी तो दीड हजाराला घेतला. पुस्तकांसाठी साठवलेले पैसे होते ते. घरी येऊन नाणे रुईच्या कापसात ठेवले आणि आठवडाभर मित्रांना दाखवीत हिंडलो.

मग ते मी इतिहासाच्या एका प्राध्यापकांना दाखवले. त्यांनी ते हातातही घेतले नाही. नुसते विचारले, “राज्याभिषेकाच्या वर्षी महाराजांनी स्वतःचा नवा शक सुरू केला. मग टांकसाळीत इसवी सन कोणी लिहिला?”

मी गप्प झालो. हा साधा प्रश्न मला दीड हजार देण्यापूर्वी सुचला नव्हता. सुचणार कसा? नाणे पाहताना मी नाण्याकडे पाहतच नव्हतो. मला जे पाहायचे होते तेच पाहत होतो.

महाराजांची जी नाणी सर्वांना ठाऊक आहेत ती दोन धातूंची: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. दोन्हींवर चित्र नाही. ठसठशीत देवनागरी अक्षरे आहेत. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. शिवराई पुढे इतकी वर्षे चालली आणि इतक्या ठिकाणी पाडली गेली की तिच्या अक्षरांचे वळण ठिकठिकाणी बदललेले दिसते. आणखी एक गंमत पाहा. ‘होन’ हा शब्द कन्नडमधल्या ‘होन्नु’ म्हणजे सोने या शब्दातून आलेला आहे. म्हणजे मराठी राज्याच्या सोन्याच्या नाण्याचे नावच मुळात आमच्या आजीच्या भाषेतले! १९९९ साली भारत सरकारने छत्रपतींच्या स्मरणार्थ दोन रुपयांचे एक नाणे काढले होते. ते काही चांदीचे नव्हते, पण निदान ते खरे आहे, आणि शोधले तर थोड्या पैशांत मिळते.

मग मराठ्यांचा चांदीचा रुपया नव्हताच काय? होता. अठराव्या शतकात पुण्यात, चांदवडला, बागलकोटला, आणखी कितीतरी गावी रुपये पाडले जात होते. पण त्यांतल्या बहुतेकांवर नाव आढळते ते दिल्लीच्या बादशहाचे, आणि तेही फार्सी लिपीत. पुण्याच्या अंकुशी रुपयावर मराठ्यांची खूण म्हणजे एक लहानसा अंकुश. बागलकोटचा रुपया मल्हारराव रास्त्यांच्या नावावरून मल्हारशाही म्हणून ओळखला गेला, पण ते ‘मल्हार’ लोकांच्या तोंडी. दिल्लीपर्यंत ज्यांच्या फौजा जाऊन आल्या त्यांनी नाण्यावर दुसऱ्याचे नाव का ठेवले? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर अवघड वाटू नये. नाणे चालते ते घेणाऱ्याच्या भरवशावर. सावकाराचा, बाजारपेठेचा हात ज्या ठशाला सरावलेला, तोच ठसा ठेवणे व्यवहाराचे. अभिमान लहानशा खुणेत मावला, व्यवहार सगळ्या नाण्यावर पसरला.

याचा अर्थ असा की, ज्याला केवळ आपल्या लिपीतले आणि आपल्या राजाच्या चित्राचे चांदीचे नाणे हवे असते, त्याला खरे नाणे ओळखूच येत नाही. अंकुशी रुपया त्याच्या पुढ्यात पडला तरी तो ‘हे तर मुसलमानी नाणे’ म्हणून बाजूला सारील, आणि घोड्यावरच्या महाराजांचे कालपरवा ओतलेले नाणे दीड हजाराला घेईल. मी तेच केले होते. नकली नाण्यांचा धंदा चालतो तो आमच्यासारख्यांच्या या हौसेवरच.

एवढे झाल्यावर माझे लक्ष प्रथमच आजीच्या डब्याकडे गेले. पावणेदोन वीत अंतरावरच्या कोनाड्यात नऊ अस्सल चांदीचे रुपये होते, आणि मी बाजार धुंडाळीत होतो.

हाली सिक्का म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानचे स्वतःचे चलन. ‘हाली’ म्हणजे सध्या चालू असलेला. आपल्या ‘हल्ली’ या शब्दाचे ते सख्खे भावंड. आधीचे हाली रुपये हाताने ठोकलेले, ओबडधोबड असत, आणि त्यांवरही १८५७ पर्यंत दिल्लीच्या बादशहाचेच नाव असे. विसाव्या शतकाच्या आरंभी, मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, सैफाबादच्या टांकसाळीत यंत्रावर गोल, सुबक रुपये निघू लागले. त्यांवर राजाचा मुखवटा नाही. इंग्रजी रुपयावर राणीचे वा राजाचे मुंडके असे. हैदराबादच्या रुपयावर चारमिनार आहे. १५९१ साली कुतुबशाहीत उभी राहिलेली ही इमारत, आसफजाही राजवटीच्या कितीतरी आधीची. तिच्या मधल्या कमानीत एकच अक्षर: महबूब अलींच्या नाण्यावर ‘मीम’, आणि १९११ नंतरच्या उस्मान अलींच्या नाण्यावर ‘ऐन’. पाठीमागे फार्सीत टांकसाळीचे नाव: फर्खुंदा बुनियाद हैदराबाद. राजाने आपल्या मुखवट्याची जागा शहराच्या इमारतीला दिली, असे म्हटले तरी चालेल.

१९१८ पासून संस्थानने कागदी नोटाही काढल्या. त्यांवर मुख्य मजकूर उर्दूत, आणि किंमत मराठी, कन्नड, तेलुगूतही छापलेली असे. आपल्या या वार्षिकात मराठी आणि कन्नड विभाग एका बांधणीत येतात, तशा या दोन भाषा शंभर वर्षांपूर्वी एका नोटेवर शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. चांदीच्या रुपयावर मात्र त्यांना जागा नव्हती. तो रुपया भालकीच्या, उदगीरच्या, नांदेडच्या माणसाने न वाचताच घेतला; दगडावर वाजवून, दाताखाली धरून, वजन हातावर तोलून.

आपले सिकंदराबाद या बाबतीत मोठे नमुनेदार. निजाम सिकंदर जाह याच्या नावाने १८०६ मध्ये वसलेले हे गाव इंग्रजांच्या छावणीचे. तेव्हा इंग्रजांचा ‘कलदार’ रुपया इकडे, आणि हुसेनसागराच्या पलीकडे निजामाचा हाली. एका रुपयाचा दुसरा करताना बट्टा द्यावा लागे. आपण ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो, तो बट्टा मूळचा सराफाच्या दुकानातला. सरकारी दर असा धरीत की सात हाली म्हणजे सहा कलदार.

हा दर कोणी कोठून आणला, हे मी एका रात्री हिशेबाच्या वहीत मांडून पाहिले. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. जुनी माणसे ‘रुपयाभार’ म्हणत ते हेच. त्यात शुद्ध चांदी ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम. हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के, म्हणजे ९.१४ ग्रॅम. आता सात हालींची चांदी ६४.० ग्रॅम होते आणि सहा कलदारांची ६४.१ ग्रॅम. काटा जवळजवळ मध्यावर! विनिमयाच्या दराचा धडा पाठ्यपुस्तकात मी दोनदा वाचला होता. तो समजला मात्र आजीच्या डब्यामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदी महागली तेव्हा इंग्रजांनी आपल्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि हाली रुपयातही तेच झाले. लोकांनी जुने रुपये दडवले आणि नवे खर्चले. ग्रेशॅमचा सिद्धान्त आमच्या पणजीने वाचला नव्हता, पण पाळला होता. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि १९५० च्या दशकात हाली चलन टप्प्याटप्प्याने बंद झाले. ‘चालू’ नावाचा रुपया चालायचा थांबला.

हे सगळे मी वाचले, मांडले, वहीत लिहिले. मोठा जाणकार झालो असे मला वाटू लागले. आणि या सगळ्या काळात मी आजीला एकही प्रश्न विचारला नाही.

२०२५ साली चांदीचा भाव वर्षभरात दुपटीहून वर गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच सुमारास धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायची वेळ आली. वडील हिशेबनीस, महिन्याचा पगार महिन्याला पुरतो, एवढेच. आजीनेच डबा पुढे केला. म्हणाली, चार ठेवा, पाच द्या. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. कोणते पाच हे तिने पाहिले नाही. निवड माझ्याकडे आली. घरातला नाणेतज्ज्ञ मीच ना! मी चारमिनारची स्पष्ट नक्षी असलेले, अक्षरे न झिजलेले चार रुपये निवडून ठेवले. झिजलेले चार आणि एक भोक पाडलेला, असे पाच घेऊन वडिलांबरोबर सराफाकडे गेलो.

सराफाने ते कसाला लावले, काट्यावर टाकले. भोक असलेला त्याने बोटाने वेगळा केला. “याला कडी होती. टाक्याची राळ-रांग अजून आहे. याचे थोडे कापावे लागेल.” आम्ही हो म्हटले. पैसे मिळाले. फी भरली. त्यात कोणाची काही चूक नव्हती. व्यवहार सरळ होता.

घरी आल्यावर आजीने डब्यातले चार रुपये एकेक करून अंगठ्याने चाचपले. दुसऱ्यांदा चाचपले. मग विचारले, “तूतिंदु यल्लि?” भोकाचा कोठे आहे?

तेव्हा ती हकिकत आम्हांला कळली. आजीच्या आईच्या काळात, एका वाईट साली, जवळच्या तांड्यावरची एक लमाण बाई दारात आली होती. तिने गळ्यातल्या नाण्यांच्या माळेतला एक रुपया सोडवून दिला आणि ज्वारी नेली. विकत नव्हे, ठेव म्हणून. सुगी झाली की ज्वारी परत देईन आणि रुपया घेऊन जाईन, असे बोलणे झाले. तांडा त्यानंतर उठला. ती बाई आली नाही. पणजीने तो रुपया खर्चला नाही, कडी काढून दागिन्यातही घातला नाही. आजी लग्न होऊन आली तेव्हा आईने तो तिच्याबरोबर दिला, ‘आली तर द्यायचा’ एवढे सांगून. बाकीचे आठ घरचे. नववा आमचा नव्हताच.

मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. पाचही रुपये आटणीला गेले होते.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला या गोष्टीची जास्त लाज वाटते. ठेव हे देणे असते. ताळेबंदात ती देण्याच्या बाजूला लिहितात. ती आपली मालमत्ता समजणारा हिशेबनीस पहिल्याच परीक्षेत नापास होतो. आमच्या घराने दोन पिढ्या ती बाजू बरोबर सांभाळली होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या दोन बायकांनी. वहीत ग्रॅम आणि टक्के मांडणाऱ्या तिसऱ्या पिढीने ती चुकवली. कोणी म्हणेल, ती बाई आता कोठली यायला? खरे आहे. ती हयात असणेही शक्य नाही. पण तो रुपया डब्यात होता तोवर तिचे येणे आमच्या घरात धरलेले होते. आता ते धरण्याचे काही साधन उरले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: नाणे जमवणाऱ्याने आधी नाण्याची नोंद करावी, मग नाणे जमवावे, आणि नाणे जमवायला पैसे नसतील तर नुसती नोंद जमवावी. पावतीशिवाय खतावणीत नोंद करू नये, हा आपल्या शास्त्राचा पहिला नियम. नाण्यांच्या बाबतीत मी तो उलटा करून सांगेन: नोंदीशिवाय नाणे हातचे सोडू नये. कोणाकडून आले, कोठे, केव्हा, कशासाठी. त्यावर भोक, कडी, कोरलेले अक्षर, काय आहे. घरातली माणसे त्याविषयी काय सांगतात. नाणेबाजारात भोक असलेल्या नाण्याला भाव नाही, कारण तिथे शोभा पाहतात. पण हाली रुपयाला भोक पडले याचा अर्थच असा की तो तिजोरीतून निघून माणसाच्या गळ्यापर्यंत पोहोचला. राजाचा इतिहास ठशात असतो. इथल्या मातीतल्या लोकांचा इतिहास अनेकदा त्या भोकात असतो, आणि तो वाचून दाखवायला कोणीतरी बोलावे लागते.

नोंदीला किती किंमत असते, याचे एक उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे आहे. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. ती भराभर वजनावर विकली गेली असती तर आज चार ओळींपलीकडे त्यांविषयी कोणाला काही सांगता आले नसते. पण ती मोजली गेली, तपासली गेली, रेव्हरंड स्कॉट यांनी त्यांवर लिहिले. तेव्हा दिसून आले की त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या मुखवट्यावर आपला ठसा मारलेला आहे. सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला असे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो. त्याची साक्ष हजारो नाण्यांनी दिली. सातकर्णीनेही जुनी नाणी आटवली नाहीत, त्यांवर नवी खूण केली. त्यामुळे जिंकलेला आणि जिंकणारा दोघेही एका चकतीवर शिल्लक राहिले.

याच सातवाहनांची पुढची मुखवट्याची चांदीची नाणी तर दुभाषी आहेत. एका बाजूला प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजांची भाषा. दुसऱ्या बाजूला द्राविडी वळणाची भाषा. ती नेमकी कोणती यावर विद्वानांचे एकमत नाही. पण अठराएकोणीसशे वर्षांपूर्वी दख्खनच्या राजाला आपल्या रुप्याच्या नाण्याला दोन भाषा हव्याशा वाटल्या, एवढे निश्चित. इथल्या इतिहासाचे चांदीचे नाणे मला हवे होते ना? ते हेच. ते माझ्या एकट्या भाषेचे निघाले नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की नाणी जमवणे हा श्रीमंतांचा शौक. ज्याला फी भरायची आहे त्याने हकिकती कुरवाळत बसू नये. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच मी ‘विकू नका’ असे म्हणत नाही. आम्ही विकले नसते तर बहिणीचे वर्ष गेले असते. तांड्यावरच्या बाईने आजारपणात माळ मोडली तर तिला इतिहासाचा उपदेश करणारे आपण कोण? पण नोंद करायला पैसे लागत नाहीत. वही लागते, आणि विचारण्याइतका वेळ. मी सराफाकडे जाण्यापूर्वी आजीजवळ पाऊण तास बसलो असतो तर फीही भरली गेली असती आणि तो एक रुपया, झिजलेल्या चारांबरोबर चांगल्या चारांपैकी एक देऊन, घरात राहिला असता. माझ्या नक्षीच्या हौसेने तो गेला, गरिबीने नव्हे.

दुसरा आक्षेप: हे काम संग्रहालयांचे आहे. नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालयात नाण्यांचा फार मोठा साठा आहे. सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत २०२२ पासून संग्रहालय झाले आहे. जिथे आजीचे रुपये पाडले गेले असतील ती जागा तिथे पाहता येते. नाशिकजवळ आंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. ही सर्व ठिकाणे अवश्य पाहावीत. पण संग्रहालयात जाते ते नाणे. घरातली हकिकत तिथे आपण होऊन चालत जात नाही. तिला आपल्यापैकी कोणीतरी घेऊन जावे लागते, आणि बहुतेकदा तिची मुदत एका म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्याएवढीच असते.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक नाणे-नोंदवही ठेवावी. सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येकाने घरातली, शेजारची जुनी नाणी पाहावीत. विकत घेऊ नयेत, मागू नयेत. छायाचित्र, वजन, दोन्ही बाजूंचा ठसा, आणि सांगणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत हकिकत, मग ती मराठीत असो, कन्नडमध्ये, तेलुगूत वा लमाणीत. फार्सी ठसा वाचायला उर्दू जाणणाऱ्या मित्रांची मदत घ्यावी. मराठी विभागाने आणि कन्नड विभागाने मिळून ती वही चालवावी. एकाने मराठीत लिहिलेले दुसऱ्याने कन्नडमध्ये उतरवावे. पैसा एकही लागणार नाही.

काही पथ्येही सांगतो. नाणी चिंचेने, राखेने, पावडरीने घासू नयेत. दर घासण्यागणिक थोडा ठसा जातो. आमच्या आजीला हे सांगण्याचा धीर मात्र मला झालेला नाही. मोठ्या नावाचे चांदीचे नाणे पदपथावर दिसले तर आधी त्यावरचा सन वाचावा. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

वहीतील पहिली नोंद मी करून ठेवली आहे. त्या नोंदीपुढे छायाचित्र नाही, वजन नाही, कमानीत मीम होते की ऐन, तेही नाही, पाहिलेच नव्हते. फक्त एवढे लिहिले आहे: हाली रुपया एक, भोक पाडलेला, भालकी तालुक्यातील एका तांड्यावरच्या बाईची ठेव. बाईचे नाव आजीला आठवत नाही. शेवटच्या रकान्यात ‘शिल्लक’ असे छापलेले आहे. तिथे काय लिहावे हे मला ठरवता आले नाही. आजीला विचारले, तर ती म्हणाली, लिही, देणे आहे.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष